किती वाव पाणी

कोसच्या इस्पितळातून दुपारच्या बोटीनं पाकीट आलं
आणि साकेल्लारिस ते न फोडताच माझ्याकडे घेऊन आला.
कालिम्नोसमध्ये ही रीतच आहे:
निदान डॉक्टरांचं,
अर्थ औषधवालीनं सांगायचा.

खोकल्याच्या गोळ्या बाजूला सारून
त्यानं फिल्म खिडकीला लावली. उलटी.
म्हटलं, यातलं डावं तुझ्या उजवीकडे दिसतं,
समोर माणूस उभा असल्यासारखं बघायचं.
"मग मी याला बघतोय, का हा मला?"

पहिलाच शब्द: लेकानी.
त्याच्या कंबरेची हाडं, आणि
माझी आई ज्यात चादरी भिजवायची ते तसराळंही.
परक्या देशांतली मुलं जे शब्द रात्र रात्र घोकतात
ते आमच्या मोरीत पालथे पडलेले असतात,
पण कागदावर भेटले की ओळख देत नाहीत,
अथेन्सला साहेब झालेल्या भाच्यासारखे.

पुढची ओळ: उजव्या खुब्याच्या सांध्यात पाणी.
"किती वाव?"
तो थट्टा करत नव्हता.
चाळीस वाव खाली जाऊन आलेला माणूस
पाणी म्हटलं की आधी खोली विचारतो.
चार मिलिमीटर, मी म्हटलं.
तो हसला, मग खोकला, मग त्याच गोळ्यांतली एक मागितली.

हाडाच्या डोक्यावर, कूर्चेच्या खाली,
चंद्रकोरीसारखी रेघ.
"वाढती की उतरती?"
ते लिहिलेलं नाही.

बाकी भागात उल्लेखनीय काही आढळले नाही.
इथं मात्र तो रुसला.
सत्तर वर्षं वापरलेलं अंग,
आणि उल्लेख करावा असं काही नाही?
अरे, ही शाबासकी आहे, म्हटलं.
अहवालात ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही तो सुखी.

एक शब्द उरला होता, माझ्या अंगठ्याखाली.
नेक्रोसी.
तो आमच्या शेंबड्या पोरालाही कळतो,
त्याला औषधवाली लागत नाही.
त्यानं माझा अंगठा उचलला,
पेन्सिल उचलावी तसा, आणि बाजूला ठेवला.

"स्पंजासारखं हाड. मेलेलं." त्यानं स्वतःच वाचलं.
"स्पंज?"
हाडाच्या आत तसंच असतं, मी सांगत गेले,
जाळी जाळी, भोकं भोकं, रक्तानं भरलेली.
तू घाईनं वर आलास की बुडबुडे तिथं अडकायचे,
वाटा बुजायच्या.
"एकाहत्तर साल. डेर्नासमोर," तो म्हणाला.
"घाई माझी नव्हती."
कोणाची होती ते त्यानं सांगितलं नाही.
लग्नात आमची मुलं लंगड्या पाणबुड्याचा नाच करतात,
काठी थरथरवत, पाय ओढत,
तेव्हा सगळ्यात मोठ्यानं टाळ्या हाच वाजवतो.

प्रवाशांसाठीच्या टोपलीतून त्यानं एक स्पंज घेतला,
बारा युरोवाला, आणि नळाखाली धरला.
"हा जिवंत आहे का, थेमेलिना?
आम्ही यांना डेकवर पायांखाली तुडवायचो
दूध निघून जाईपर्यंत.
मेल्यावरच हा पाणी प्यायला शिकतो."

हाडाचं तसं नसतं, मी म्हटलं.
हाड खचतं. ती कोर त्याचीच खूण.
ते काढतील, धातूचं बसवतील,
सहा आठवडे कुबड्या.
हे सगळं मी सांगितलं, नीट, क्रमानं,
आणि तो स्पंज पिळत राहिला,
भरत राहिला,
पिळत राहिला.

तो गेल्यावर काउंटरवर बारा युरो होते, ओले,
आणि विसरलेलं पाकीट.

सकाळच्या बोटीआधी मी ते घेऊन धक्क्यावर पोचले.
तो आधीच उभा होता, एका बाजूला कललेला,
इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात,
आणि शर्टाच्या खिशापाशी
एक ओलं वर्तुळ.